‘एन्दुनामूस्थे’: इफिसकरांस 6:10 मधले बळ येते कुठून?

तुमचा मुख्य प्रश्न असा आहे. नव्या करारातल्या इफिसकरांस या पत्रात, 6:10 मध्ये, पौल म्हणतो, प्रभूमध्ये बलवान व्हा. मूळ ग्रीक क्रियापद ‘एन्दुनामूस्थे’ कर्मणी आहे, म्हणून विश्वासणाऱ्याने स्वतः काही करायचे नसते, असे तुम्ही एका प्रवचनात ऐकले. एका टीकाग्रंथात मात्र तुम्हाला त्याच शब्दाचा अर्थ ‘स्वतःला बळकट करा’ असा मिळाला. मग खरे कोणते? त्याला जोडून तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत: ‘दुनामिस’ (सामर्थ्य) या ग्रीक शब्दाचा अर्थ डायनामाइट हे बरोबर आहे का, आणि हे क्रियापद नव्या करारात 7 वेळा येते की 8 वेळा.

मी बरीच वर्षे मराठी विद्यार्थ्यांना नव्या कराराचे ग्रीक शिकवतो आहे आणि हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. थोडक्यात उत्तर असे, की नुसत्या रूपावरून कर्मणी आणि आत्मवाचक हे दोन्ही अर्थ निघू शकतात, कारण दोन्हींचा प्रत्यय एकच आहे. पौलाच्या पत्रांतला वापर पाहिला तर बळ देणारा प्रभूच आहे, यात मला शंका वाटत नाही. पण ‘म्हणून आपण काही करायचे नाही’ हे व्याकरणातून निघत नाही. ते बाहेरून आणून व्याकरणावर लादलेले आहे.

आधी शब्द पाहू. शब्दकोशात हे क्रियापद ‘एन्दुनामोओ’ असे सापडते. (ग्रीक ‘उप्सिलोन’चा उच्चार देवनागरीत नीट लिहिता येत नाही, मी सोयीसाठी ‘उ’ लिहितो.) हे कोशातले रूप आहे. प्रत्यक्ष वाक्यात शेवटच्या दोन स्वरांचा संधी होतो. 6:10 मध्ये ‘एन्दुनामो’ आणि ‘एस्थे’ एकत्र येतात, ओ आणि ए मिळून ऊ होतो, आणि रूप तयार होते ‘एन्दुनामूस्थे’. संधी ओळखला की निम्मे काम झाले. अनेक विद्यार्थी इथेच अडखळतात आणि कोशात भलताच धातू शोधत बसतात.

‘ओओ’ने संपणाऱ्या ग्रीक क्रियापदांचा एक मोठा गट आहे. ती बहुधा नामापासून किंवा विशेषणापासून बनतात आणि त्यांत ‘तसे करणे’ हा अर्थ असतो. ‘दूलोस’ म्हणजे दास, ‘दूलोओ’ म्हणजे दास करणे. ‘तुफ्लोस’ म्हणजे आंधळा, ‘तुफ्लोओ’ म्हणजे आंधळे करणे. तसे ‘दुनामिस’ म्हणजे सामर्थ्य, ‘दुनामोओ’ म्हणजे समर्थ करणे. मराठीत निजणे आणि निजवणे यांत जो फरक आहे, तो इथे लक्षात ठेवा. कर्तरी रूपात हे क्रियापद ‘बलवान असणे’ असे कधीच सांगत नाही. एकजण दुसऱ्याला बळ देतो, असे सांगते. पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीवर उभी आहे.

सुरुवातीला लागलेला ‘एन’ हा उपसर्ग ‘आत’ असा अर्थ देतो, म्हणून ‘आत बळ भरणे’ असे भाषांतर अनेकदा ऐकायला मिळते. ते चूक आहे असे नाही, पण त्यावर फार भार टाकू नका. याच वचनात पपायरस 46 आणि व्हॅटिकन हस्तलिखित या दोन महत्त्वाच्या प्राचीन साक्षीदारांत उपसर्गाशिवाय नुसते ‘दुनामूस्थे’ आहे. पहिले सुमारे इ.स. 200 चे, दुसरे चौथ्या शतकातले. उपसर्ग असो वा नसो, वाक्याचा अर्थ तोच राहतो.

आता प्रयोगाकडे येऊ. ग्रीकमध्ये कर्तरी, मध्यम आणि कर्मणी असे तीन प्रयोग आहेत. शाळेत संस्कृत शिकलेल्यांना मध्यम प्रयोग समजायला जड जाऊ नये, कारण आत्मनेपद हा त्याचाच भाऊबंद आहे: क्रियेचे फळ कर्त्याकडे वळते, कर्ता त्या क्रियेत स्वतः गुंतलेला असतो. संस्कृतात कर्मणी प्रयोगालाही आत्मनेपदाचेच प्रत्यय लागतात. ग्रीकमध्ये वर्तमानकाळात आणि अपूर्ण भूतकाळात याच्याही पुढची गोष्ट घडते. मध्यम आणि कर्मणी यांची रूपे अक्षरशः एकच असतात. म्हणून ‘एन्दुनामूस्थे’ हे रूप पाहून कोणी ठामपणे ‘हे कर्मणीच आहे’ म्हणाला, तर तो प्रत्ययात नसलेली माहिती सांगतो आहे. ‘हे मध्यमच आहे’ म्हणणाऱ्यालाही हेच लागू.

याहून एक पाऊल पुढे जा. अनेकवचनी द्वितीय पुरुषात आज्ञार्थ आणि साधा वर्तमानकाळ यांचेही रूप इथे एकच आहे. ‘बलवान व्हा’ आणि ‘तुम्ही बलवान होत आहात’ या दोन्हींसाठी ‘एन्दुनामूस्थे’च. तो आज्ञार्थ आहे हे आपल्याला पुढच्या वचनावरून कळते, कारण 6:11 मध्ये ‘एन्दुसास्थे’, म्हणजे ‘परिधान करा’, हा निःसंदिग्ध आज्ञार्थ येतो. 2 तीमथ्य 2:1 मध्ये ही अडचण नाही. तिथे एकवचन ‘एन्दुनामू’ आहे आणि ते आज्ञार्थाचेच रूप आहे. साधा वर्तमानकाळ असता तर शेवट ‘मोइ’ असा झाला असता. त्या वचनात पौल तीमथ्याला सांगतो, ख्रिस्त येशूच्या ठायी असलेल्या कृपेत बलवान हो.

रूप निर्णय देत नाही, तेव्हा वापर पाहायचा. नव्या करारात हे क्रियापद कर्तरी प्रयोगात तीन ठिकाणी येते, आणि तिन्ही ठिकाणी बोलणारा पौल आहे. फिलिप्पैकरांस 4:13 मध्ये ‘मला बळ देणाऱ्याच्या ठायी’, 1 तीमथ्य 1:12 मध्ये ‘मला बळ देणाऱ्या ख्रिस्त येशूचे आभार’, आणि 2 तीमथ्य 4:17 मध्ये ‘प्रभू माझ्याजवळ उभा राहिला आणि त्याने मला बळ दिले’. पहिल्यात वर्तमान कृदंत आहे, दुसऱ्यात भूतकालीन कृदंत, तिसऱ्यात साधे भूतकाळी क्रियापद. काळ बदलतो, रूप बदलते, पण बळ देणारा बदलत नाही. माणूस कर्ता आणि कर्म त्याचे स्वतःचे मन, अशी रचना नव्या करारात या क्रियापदाची एकदाही नाही. हे मला निर्णायक वाटते. जिथे कर्ता उघड सांगितला आहे तिथे तो प्रत्येक वेळी प्रभू असेल, तर जिथे तो सांगितलेला नाही तिथेही वाचकाच्या मनात तोच येणार. इफिसकरांस 6:10 मध्ये तर लगेच ‘प्रभूमध्ये’ हा शब्द आहेच.

त्याच पत्रातला आणखी एक पुरावा अधिक स्पष्ट आहे. 3:16 मध्ये पौल प्रार्थना करतो, की देवाने वाचकांना आपल्या आत्म्याच्या द्वारे अंतर्यामी सामर्थ्याने बळकट होऊ द्यावे. तिथे ‘क्रातायोथेनाइ’ हे कर्मणी रूप आहे, देणारा पिता आहे आणि साधन आत्मा आहे. तिसऱ्या अध्यायात जे मागितले, तेच सहाव्या अध्यायात आज्ञा होऊन येते.

मात्र विरुद्ध बाजूचे पुरावेही समोर ठेवायला हवेत, कारण ‘स्वतःला बळकट करा’ म्हणणारा टीकाकार बिनआधारे बोलत नाही. 1 शमुवेल 30:6 आठवा. दावीद राहत असलेले सिकलाग नगर जळून गेले आहे, बायकामुले कैद झाली आहेत, लोक दावीदाला दगडमार करायच्या गोष्टी बोलत आहेत. तिथे हिब्रू मजकूर म्हणतो की दावीदाने आपला देव परमेश्वर याच्या ठायी स्वतःला बळकट केले. हिब्रू रूप आत्मवाचक आहे. सप्ततीने, म्हणजे जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने, त्यासाठी ‘एक्रातायोथे’ हे कर्मणी दिसणारे रूप वापरले आणि पुढे ‘एन कुरिओ’, म्हणजे ‘प्रभूमध्ये’, हेच शब्द ठेवले. पौलाच्या वाक्याची घडण जवळजवळ हीच आहे. स्तोत्र 52 मध्ये देवाला आश्रय न करणाऱ्या धनवंताबद्दल याच कुळातले क्रियापद येते: तो आपल्या पोकळपणाच्या जोरावर बळावला. त्या माणसाला बाहेरून कोणी बळ देत नाही. तो स्वतःच फुगतो. म्हणजे ‘थे’ हा तथाकथित कर्मणी प्रत्यय दिसला की दुसरा कर्ता असलाच पाहिजे, असा नियम त्या काळच्या ग्रीकमध्ये करता येत नाही.

म्हणून रोमकरांस 4:20 मध्येही मी सावध असतो. अब्राहाम शंभरीला आलेला, शरीर मृतवत झालेले, आणि पौल म्हणतो की तो अविश्वासाने डळमळला नाही, तर विश्वासात ‘एनेदुनामोथे’. ‘सबळ केला गेला’ म्हणायचे की ‘सबळ झाला’? दोन्ही चालेल. मी ‘सबळ झाला’ म्हणतो. आदल्या वचनातला ‘विश्वासात दुर्बळ न होता’ हा शब्दप्रयोग याची जोडी आहे, आणि ‘दुर्बळ होणे’ यात कोणी दुर्बळ करणारा नसतो. शिवाय बळ मिळाले ते वचन देणाऱ्या देवाकडे पाहताना. वाक्य ‘देवाला गौरव देऊन’ असे पुरे होते. मध्यम आणि कर्मणी यांच्यातली रेघ इथे पुसट आहे, आणि पौलाला ती ठळक करायची गरज वाटलेली नाही.

आता प्रवचनकाराच्या मुद्द्याला थेट उत्तर. समजा, आपण 6:10 कर्मणी धरले. तरी तो आज्ञार्थ आहे. कर्मणी आज्ञार्थ नव्या करारात दुर्मीळ नाही. इफिसकरांस 5:18 मध्ये ‘आत्म्याने परिपूर्ण व्हा’ आहे, रोमकरांस 12:2 मध्ये ‘मनाच्या नवीकरणाने रूपांतरित व्हा’ आहे, आणि गंमत नव्हे, साधी व्याकरणाची गोष्ट म्हणजे ती दोन्ही क्रियापदे याच ‘ओओ’ गटातली आहेत: ‘प्लेरूस्थे’, ‘मेतामोर्फूस्थे’, ‘एन्दुनामूस्थे’. 2 करिंथकरांस 5:20 मध्ये ‘देवाशी समेट झालेले असे व्हा’ ही विनंतीही कर्मणी आज्ञार्थात आहे. देव करतो ते काम माणसाला आज्ञेच्या रूपात सांगितले जाते, कारण ते काम होऊ द्यायचे की अडवायचे, त्याकडे वळायचे की पाठ फिरवायची, हे ऐकणाऱ्यावर सोपवलेले आहे. आणि 6:11 पासून पुढे काय आहे? शस्त्रसामग्री परिधान करा, घ्या, उभे राहा, कंबर कसा, प्रार्थना करत राहा. ज्याला काही करायचेच नाही त्याला इतकी कामे कोणी सांगत नाही.

मराठीत भाषांतर करताना इथे पेच पडतो. ‘सबळ केले जा’ असे कोणी बोलत नाही. कर्मणी आज्ञार्थ मराठीला मानवत नाही. ‘व्हा’ हे रूप मात्र नेमके त्या मधल्या जागेत बसते. ‘व्हा’ म्हटल्यावर मी स्वतः करतो की माझ्यावर केले जाते, हे उघडे राहते, आणि ग्रीक रूपही ते उघडेच ठेवते. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले आणि 1922 मध्ये निधन होईपर्यंत त्या त्यातच गुंतल्या होत्या. असे पेच त्यांच्यापुढे पानोपानी उभे राहिले असणार. माझ्या मते ‘प्रभूमध्ये सबळ होत राहा’ हे 6:10 ला सर्वांत जवळ जाते.

‘होत राहा’ का, तेही सांगतो. या उताऱ्यातले बाकीचे ठळक आज्ञार्थ, परिधान करा, घ्या, उभे राहा, हे सगळे ‘अओरिस्त’ म्हणजे क्रिया एकसंध पाहणाऱ्या रूपात आहेत. वर्तमान आज्ञार्थ फक्त या पहिल्या क्रियापदाला दिला आहे. वर्तमान आज्ञार्थ दिसला की ‘सतत करा’ असे यंत्रवत भाषांतर करू नये, हे मी वर्गात पुन्हापुन्हा सांगतो. पण इतक्या जवळजवळ दोन रूपे शेजारी ठेवलेली असतात तेव्हा लेखकाची निवड डोळ्यांत भरते. शस्त्रे चढवणे ही ठरलेल्या वेळी पुरी करायची कृती आहे. बळ मिळत राहणे ही चालू राहणारी गोष्ट आहे.

बळ आणि शस्त्रे यांचा संबंध जुन्या करारातही सापडतो. शास्ते 6:34 मध्ये हिब्रू म्हणते की परमेश्वराच्या आत्म्याने गिदोनाला वस्त्रासारखे वेढले. सप्ततीच्या एका पाठात तिथे ‘एनेदुसेन’, म्हणजे ‘पांघरला’, असे शब्दशः भाषांतर आहे. दुसऱ्या पाठात, म्हणजे व्हॅटिकन हस्तलिखितात, ‘एनेदुनामोसेन’, म्हणजे ‘बळ दिले’, असे आहे. पौलाने ही दोन क्रियापदे 6:10 आणि 6:11 मध्ये पाठोपाठ वापरली. त्याच्या डोळ्यांपुढे गिदोनच होता, असे मी सिद्ध करू शकत नाही. पण ग्रीक शास्त्र ऐकत वाढलेल्या माणसाला ‘बळ मिळणे’ आणि ‘परिधान करणे’ यांचे नाते परके नव्हते, एवढे म्हणायला हरकत नाही. यशया 59:17 मध्ये नीतिमत्त्वाचे उरस्त्राण आणि तारणाचे शिरस्त्राण घालणारा स्वतः परमेश्वर आहे. इफिसकरांना जी शस्त्रे घालायला सांगितली, ती मुळात त्याची.

‘दुनामिस’ आणि डायनामाइट यांचे नाते एका ओळीत संपते. आल्फ्रेड नोबेलने 1867 मध्ये आपल्या स्फोटकाचे पेटंट घेतले आणि नावासाठी ग्रीक शब्दाचा आधार घेतला. नाव ग्रीकवरून आले, म्हणून स्फोटाचा अर्थ उलट प्रवास करून पहिल्या शतकात पोचत नाही. हे उदाहरण प्रवचनातून काढून टाका. त्याच्यापेक्षा कितीतरी मोलाची गोष्ट मजकुरातच आहे. 6:10 मध्ये ‘क्रातोस’ आणि ‘इस्खुस’ ही दोन नामे जोडून येतात. ‘इस्खुस’ म्हणजे अंगात असलेली ताकद, ‘क्रातोस’ म्हणजे ती ताकद सत्ता गाजवते, वरचढ ठरते ते रूप. हीच जोडी 1:19 मध्ये आली आहे, आणि लगेच पुढे 1:20 मध्ये सांगितले आहे की देवाने ते बळ ख्रिस्ताला मेलेल्यांतून उठवताना चालवले. म्हणजे सहाव्या अध्यायात विश्वासणाऱ्याला जे बळ घ्यायला सांगितले, त्याचे माप पहिल्या अध्यायात दिलेले आहे. यशया 40:26 च्या ग्रीक पाठातही ही दोन नामे एकत्र येतात, आकाशातील ताऱ्यांना नावाने हाक मारणाऱ्या देवाबद्दल बोलताना.

बळासाठी ग्रीकमध्ये दुसरे एक नेहमीचे क्रियापद आहे, ‘इस्खुओ’. ते सकर्मक नाही. ‘ताकद असणे, जमणे’ असा त्याचा अर्थ. मत्तय 9:12 मध्ये वैद्याची गरज नसलेले निरोगी लोक याच शब्दाने सांगितले आहेत. यहोशवा 1:6 मध्ये ‘खंबीर हो’ म्हणताना सप्तती ‘इस्खुए’ असा सरळ कर्तरी आज्ञार्थ देते. मोशेनंतर यहोशवाला ‘इस्खुए’ आणि पौलानंतर तीमथ्याला ‘एन्दुनामू’: दोघांपुढे जबाबदारी तशीच, पण दुसऱ्या शब्दात देणाऱ्याचा हात अधिक दिसतो. अर्थात यहोशवालाही लगेच ‘मी तुझ्याबरोबर असेन’ हे आश्वासन आहे, त्यामुळे हा फरक ताणू नये.

फिलिप्पैकरांस 4:13 मध्ये ही दोन्ही क्रियापदे एका वाक्यात भेटतात: ‘पान्ता इस्खुओ एन तो एन्दुनामून्ति मे’. मला सर्व जमते, मला बळ देत असलेल्याच्या ठायी. ‘मला जमते’ हे पौलाचे, ‘बळ देणारा’ दुसरा. आपल्याकडे हे वचन कॅलेंडरवर, घराच्या भिंतीवर, परीक्षेला जाणाऱ्या मुलांच्या वहीत असते, आणि ते तिथे असावेच. फक्त ‘सर्व’ म्हणजे काय, ते आधीच्या वचनात आहे: तृप्त असणे आणि भुकेले असणे, विपुलता आणि टंचाई. पौल तुरुंगातून लिहितो आहे. उपाशी राहूनही समाधानी राहणे त्याला जमते, असे तो सांगतो. यशाची हमी या वाक्यात शोधली तर निराशाच पदरी पडते, आणि दुःखी माणसाला ती हमी देणे तर क्रूरपणाचे आहे.

प्रेषितांची कृत्ये 9 मधली एक बारीक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. दिमिष्कात शौल, म्हणजेच पौल, तीन दिवस अन्नपाण्यावाचून होता. 9:19 मध्ये त्याने अन्न घेतले आणि त्याला शक्ती आली. तिथे क्रियापद ‘एनिस्खुओ’. तीनच वचनांनंतर, 9:22 मध्ये, तो अधिकाधिक बलवान होत गेला आणि यहूद्यांना निरुत्तर करू लागला. तिथे क्रियापद ‘एन्दुनामोओ’, आणि तेही अपूर्ण भूतकाळात. जेवणाने आलेली शक्ती आणि साक्ष देताना वाढत गेलेले बळ यांसाठी या पुस्तकाचा लेखक लूक याने दोन वेगळे शब्द ठेवले.

राहिला 7 की 8 हा प्रश्न. जेम्स स्ट्राँगची 1890 ची शब्दसूची, जिच्यात प्रत्येक मूळ शब्दाला क्रमांक दिलेला आहे, इंग्रजी किंग जेम्स भाषांतरावर आधारलेली आहे, आणि त्या भाषांतराच्या मागे जो ग्रीक पाठ आहे त्यात इब्री 11:34 मध्ये ‘एनेदुनामोथेसान’ आहे, म्हणजे ते दुर्बळतेतून सबळ झाले. म्हणून तिथे 1743 या क्रमांकाखाली 8 जागा मिळतात. आजच्या चिकित्सक आवृत्त्या त्या ठिकाणी जुन्या हस्तलिखितांना अनुसरून उपसर्गाविना ‘एदुनामोथेसान’ छापतात, आणि मोजणी 7 वर येते. तो उपसर्गाविना शब्द कलस्सैकरांस 1:11 मध्येही आहे. स्ट्राँगच्या सूचीत त्याचा क्रमांक 1412. दोन्ही क्रमांक एकत्र काढून वाचलेत, तर कलस्सैच्या त्या वचनात बळ कशासाठी मागितले आहे तेही पाहा: सर्व प्रकारच्या सहनशीलतेसाठी आणि धीरासाठी.